ट्रॅक्टर, ट्रॉली आणि त्रयस्थ पक्षाचा विमा

नागभीड तालुक्यातील धान उत्पादकाकडे जी अवजारे असतात, त्यांपैकी नांगर, वखर, पेरणीयंत्र व मळणीयंत्र ही शेतातच राहतात. ट्रॅक्टर तेवढा बांधीतून निघून रस्त्यावर येतो. सकाळी चिखलणीला असलेला ट्रॅक्टर दुपारी खताची पोती घेऊन येतो, आणि हंगाम संपला की त्याच्याच मागे ट्रॉली जोडून धान गिरणीकडे किंवा आधारभूत खरेदी केंद्राकडे रवाना होते. नागपूर, उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी व आरमोरी यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३५३ डी या भागातून जातो. त्यावर मालमोटारी, एस. टी. गाड्या व दुचाक्या यांच्या वर्दळीत भरलेली ट्रॉली संथ गतीने चालत असते. शेतात असताना जे केवळ अवजार होते, ते रस्त्यावर चाक ठेवताक्षणी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते आणि मोटार वाहनाची सर्व बंधने त्याला लागू होतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत अधिक दुर्लक्षिलेले बंधन म्हणजे त्रयस्थ पक्षाचा विमा होय.

ट्रॅक्टर कर्जाने घेतला असेल तर पहिल्या वर्षी विमा उतरविलेला असतोच, कारण बँक त्याशिवाय कर्ज देत नाही. त्यामुळे विमा ही बँकेची अट आहे, कर्ज फिटले की ती संपते, अशी समजूत अनेकांच्या मनात घर करून असते. ही समजूत चुकीची आहे. बँकेला आपल्या तारणाची, म्हणजे ट्रॅक्टरची काळजी असते. कायद्याला काळजी आहे ती रस्त्यावरील दुसऱ्या माणसाची. ट्रॅक्टर जळाला, चोरीस गेला किंवा नाल्यात उलटून मोडला तर त्याची भरपाई देणारा विमा घ्यावा की न घ्यावा, हे कर्जमुक्त मालकाने स्वतः ठरवावयाचे असते. परंतु ट्रॅक्टरमुळे दुसऱ्याचा जीव गेला, त्याला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई देणारा विमा घेण्यावाचून गत्यंतर नाही.

हे बंधन आजचे नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. त्या वेळी हा जिल्हा चांदा या नावाने मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होता आणि गावोगाव ट्रॅक्टर ही कल्पनाही नव्हती. पुढे १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला. त्याच्या कलम १४६ प्रमाणे त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा असल्याखेरीज कोणासही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन वापरता येत नाही, अथवा दुसऱ्यास वापरू देता येत नाही. येथे दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे केवळ डांबरी सडक नव्हे. जेथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी प्रत्येक वाट त्यात येते, म्हणून गावाच्या पांदण रस्त्यावरही सूट मिळेल असे धरून चालू नये. तसेच ‘वापरू देणे’ हाही गुन्हा असल्यामुळे चालकाबरोबर मालकही जबाबदार ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९६ अन्वये पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास दंडाची रक्कम ४,००० रुपये अशी तरतूद आहे.

दंडाचा हा आकडा पाहून काही मालक असा हिशेब करतात की, हप्त्यापेक्षा दंडच स्वस्त. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या दरपत्रकात सहा अश्वशक्तीपेक्षा मोठ्या शेती ट्रॅक्टरचा त्रयस्थ पक्षाचा वार्षिक हप्ता, कर वगळून, ७,२६७ रुपये होता. ७,२६७ आणि २,००० यांची तुलना केली तर हा हिशेब वरवर बरोबर दिसतो. परंतु तुलना दंडाशी करावयाची नसून भरपाईशी करावयाची आहे.

भरपाईची रक्कम कशी ठरते

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई मनाला येईल तशी ठरवीत नाही. त्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ सालच्या दोन निर्णयांत घालून दिली आहे, आणि ती प्रत्येक ट्रॅक्टर मालकाने एकदा तरी कागदावर करून पाहावी अशी आहे. समजा, बिघाडामुळे रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल परावर्तकही नव्हता, आणि एक दुचाकीस्वार तिच्यावर आदळून मृत्यू पावला. त्याचे वय ३० वर्षे, स्वतःच्या लहानशा धंद्यातून मासिक उत्पन्न १२,००० रुपये, आणि मागे पत्नी, दोन मुले व आई असे चार जण त्याच्यावर अवलंबून आहेत.

मृत व्यक्ती ४० वर्षांखालील व स्वतंत्र व्यवसाय करणारी असल्यास पुढे वाढू शकणाऱ्या उत्पन्नापोटी ४० टक्के मिळविले जातात. म्हणजे १२,००० चे १६,८०० होतात. वर्षाचे २,०१,६०० रुपये. अवलंबून असणारे चार ते सहा असतील तर मृताचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा केला जातो. राहिले १,५१,२०० रुपये. २६ ते ३० या वयोगटासाठी गुणक १७ आहे. १,५१,२०० गुणिले १७ म्हणजे २५,७०,४०० रुपये. यात अंत्यविधीचा खर्च, कुटुंबीयांच्या सहवासाची हानी वगैरे बाबींच्या ठराविक रकमा मिळवावयाच्या असतात, आणि दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज निराळेच. दुचाकीस्वाराचीही काही चूक होती असे सिद्ध झाल्यास त्या प्रमाणात रक्कम कमी होते हे खरे. परंतु दिव्याविना उभ्या केलेल्या ट्रॉलीच्या बाबतीत मालकाने त्यावर फारशी भिस्त ठेवू नये.

विमा असेल तर ही रक्कम विमा कंपनी देते. नसेल तर ती मालकाने व चालकाने द्यावयाची असते. न दिल्यास न्यायाधिकरण कलम १७४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचे प्रमाणपत्र पाठवू शकते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय व ती कशी वसूल होते, हे कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. दोन-चार एकर धानशेती असलेल्या कुटुंबाची सगळी जमीन विकली तरी पंचवीस लाख उभे राहतीलच असे नाही. दुसऱ्या बाजूस मृताच्या घरी हातात पडते ते केवळ एक हुकूमपत्र. त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा करण्यामागील कारण हेच की, कर्ता पुरुष गमावलेल्या कुटुंबाचा घास अपघात करणाऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये.

विमा आहे, पण कशासाठी?

हप्ता भरला, कागद घरात आला, आता चिंता नाही, असे समजणेही धोक्याचे आहे. विमापत्रावर वाहन कशासाठी वापरावयाचे हे लिहिलेले असते, आणि शेती ट्रॅक्टरच्या बाबतीत तेथे शेतीकामाचा उल्लेख असतो. स्वतःच्या शेतातील धान स्वतःच्या खळ्यावर आणणे हे शेतीकाम आहे यात वाद नाही. पण धान चुरून झाल्यावर तोच ट्रॅक्टर कधी रेती, कधी मुरूम, कधी विटा वाहू लागतो. एखादा व्यापारी गावातून धान खरेदी करतो आणि ते गिरणीत पोहोचविण्यासाठी ट्रॉली भाड्याने घेतो. शेतमालच तर नेत आहोत, असे मालकास वाटते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच स्वरूपाचे प्रकरण आले होते. भाजीपाल्याचा व्यापारी विकत घेतलेला माल ट्रॅक्टर-ट्रॉलीतून बाजारात नेत असताना अपघातात मरण पावला. भाजीपाला हा शेतमाल असला तरी दुसऱ्याने आपल्या धंद्यासाठी केलेली त्याची वाहतूक हे शेतीकाम नव्हे, असे न्यायालयाने ठरविले व विमा कंपनीची जबाबदारी मान्य केली नाही.

तेव्हा ज्यांना हंगामाबाहेर ट्रॅक्टर भाड्याच्या वाहतुकीस लावावयाचा असेल, त्यांनी त्याची तशी नोंदणी करून घ्यावी व विमाही त्याच उपयोगाचा घ्यावा. हप्ता आणि कर यांत वाढ होईल, परंतु ती वाढ धंद्याच्या खर्चात धरावयाची असते.

ट्रॉलीविषयी आणखी एक गोष्ट. कायद्याने ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी, तिचा क्रमांकही वेगळा. ट्रॅक्टर कंपनीचा आणि ट्रॉली मात्र तालुक्याच्या ठिकाणी लोहारखान्यात बनवून घेतलेली, असा प्रकार सर्रास आढळतो. अशा ट्रॉलीची नोंदणी राहून जाते आणि ओघानेच विमाही राहून जातो. विमापत्र हाती आल्यावर त्यावर ट्रॅक्टरचा व ट्रॉलीचा असे दोन्ही क्रमांक आहेत किंवा नाहीत, ते प्रथम पाहावे.

ट्रॉलीत बसणारी माणसे

या भागापुरते पाहिले तर सर्वांत नाजूक प्रश्न हाच आहे. आषाढात रोवणीच्या वेळी बायामाणसे ट्रॉलीत बसून शेतावर जातात. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की रात्री गावेच्या गावे ट्रॉलीत बसून नाटकाला निघतात. लग्नाचे वऱ्हाड, जत्रा, शंकरपट, सर्व काही ट्रॉलीवर चालते. त्यात हौसेइतकीच गरजही आहे. जंगलालगतच्या वाटांवर वाघाची भीती असताना मजुरांनी अंधारात पायी जावे, असे कोणी म्हणू शकत नाही, आणि प्रत्येक गावाला वेळेवर एस. टी. मिळतेच असेही नाही.

असे असले तरी विम्याच्या दृष्टीने परिस्थिती कठोर आहे आणि ती लपवून ठेवण्यात कोणाचेच हित नाही. ट्रॅक्टरवर आसन एकच असते, ते चालकाचे. मडगार्डवर बसलेला मनुष्य त्यावर बसण्यास अधिकृत नाही. ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे, माणसे वाहण्यासाठी नव्हे. त्यामुळे मडगार्डवरून वा ट्रॉलीतून पडून कोणी दगावला, तर रस्त्याने जाणाऱ्या त्रयस्थास जे संरक्षण मिळते ते त्यास मिळत नाही. माल वाहणाऱ्या वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. २००७ साली वीटभट्टीची माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरून पडलेल्या एका मजुराच्या प्रकरणात, आणि २०१८ साली ट्रॅक्टरवर बसलेल्या एका इसमाच्या प्रकरणात, न्यायालयाने कंपनी मुळात जबाबदार नाही असेच म्हटले. मात्र दोन्ही वेळा जखमीची अवस्था पाहून कंपनीने आधी पैसे द्यावेत व मागाहून ते मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला. मजुराच्या दृष्टीने हा दिलासा आहे. मालकाच्या दृष्टीने पाहता, हप्ता भरूनही अखेर संपूर्ण भार त्याच्याच माथी आला. आणि प्रत्येक खटल्यात असा आदेश मिळेलच याची शाश्वती नाही.

माल चढविण्या-उतरविण्यासाठी लावलेले मजूर व पगारी चालक यांच्याविषयीचे दायित्व जादा हप्ता भरून विमापत्रात समाविष्ट करून घेता येते. किती माणसांसाठी व कोणत्या कामासाठी, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनाचा न्यायाधिकरणापुढे काही उपयोग होत नाही. नाटकाला किंवा लग्नाला जाणाऱ्या मंडळींसाठी मात्र ट्रॅक्टरच्या विम्यात जागा नाही. त्यासाठी चार घरांनी मिळून प्रवासी वाहन ठरविणे महाग वाटले तरी ते एका रात्रीपुरतेच महाग असते.

स्वतः मालक चालक असेल आणि त्यास अपघात झाला, तर तो त्रयस्थ नसल्यामुळे त्रयस्थ पक्षाच्या विम्यातून त्याच्या कुटुंबास काही मिळत नाही. त्याच्यासाठी व्यक्तिगत अपघात विमा वेगळा असतो. २०१८ सालापासून त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये करण्यात आली. चालविण्याचा वैध परवाना असल्यासच त्याचा लाभ मिळतो.

परवाना व चालक

परवान्याबाबत पूर्वी बराच गोंधळ होता. हलक्या मोटार वाहनाचा परवाना ट्रॅक्टरला चालतो काय, आणि ट्रॉली जोडल्यावर वेगळा परवाना लागतो काय, या मुद्द्यांवर विमा कंपन्या भरपाई नाकारीत असत. ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना असलेला चालक केवळ ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. मोकळे वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेल्या ट्रॅक्टरला हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो, हा २०१७ चा निर्णय ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानेही कायम केला. शेतीसाठी वापरात असलेले ट्रॅक्टर या वजनाच्या आत बसतात.

परवानाच नसेल तर गोष्ट वेगळी. २००४ च्या एका निर्णयानुसार, मालकाने परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देण्यात निष्काळजीपणा केला हे सिद्ध झाल्यास कंपनी त्रयस्थास रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ट्रॅक्टर देण्यात कौतुक मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्यासाठी पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड सांगितला असून वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द करण्याची तरतूद केली आहे.

जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री हेही अडचणीचे एक मूळ आहे. व्यवहार बहुधा मुद्रांकावर लिहून होतो, पैसे चुकते होतात आणि नोंदणी पुस्तिकेवर जुन्याच मालकाचे नाव राहते. नोंदणीत ज्याचे नाव तोच भरपाईसाठी मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे ट्रॅक्टर विकून मोकळा झालेला शेतकरी तीन वर्षांनंतरही परगावी झालेल्या अपघातात प्रतिवादी म्हणून उभा राहू शकतो. विकणाऱ्याने चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयातील नावाची बदली पूर्ण झाल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीस कळवून विमापत्रावर आपले नाव चढवून घ्यावे.

मुदतीविषयी थोडेसे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा व नव्या मोटारगाडीस तीन वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा एकदम घ्यावा लागतो. ज्याच्या घरी दुचाकी व ट्रॅक्टर दोन्ही आहेत, त्याने ट्रॅक्टरचाही विमा पाच वर्षांचा असेल असे गृहीत धरू नये. तो बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि नेमका रोवणीच्या किंवा कापणीच्या धांदलीत संपतो. मध्यंतरी एक दिवस जरी खंड पडला, तरी त्या दिवशीच्या अपघातास विमा नाही. हप्ता धनादेशाने दिला असेल तर तो वटला की नाही हेही पाहावे.

अपघात झाल्यास

जखमीस तत्काळ दवाखान्यात पोहोचविणे, चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात खबर देणे आणि विमा कंपनीस लेखी कळविणे, ही कामे कलम १३४ ने चालकावर व वाहनाच्या ताबेदारावर टाकली आहेत. लोकांच्या रागास भिऊन ट्रॅक्टर तेथेच टाकून पळ काढण्याने काही साधत नाही. जीवास धोका वाटल्यास थेट पोलीस ठाणे गाठावे. जखमीच्या उपचारासाठी २०२५ साली केंद्र सरकारने रोकडरहित योजना सुरू केली. तीनुसार नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात.

मृताच्या वारसांनी किंवा जखमीने न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. अपघात जेथे झाला तेथे, अर्जदार जेथे राहतो तेथे किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो करता येतो. नागभीडचा मजूर तेलंगणात मिरची तोडणीस जाताना वाटेत अपघातात सापडला, तर त्याच्या कुटुंबाला दाव्यासाठी तेलंगणात खेटे घालण्याची आवश्यकता नाही. तो दावा चंद्रपूर जिल्ह्यातही चालू शकतो. चूक कोणाची हे सिद्ध करण्याच्या भानगडीत ज्यांना पडावयाचे नसेल, त्यांच्यासाठी कलम १६४ प्रमाणे मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये अशी ठराविक भरपाई १ एप्रिल २०२२ पासून उपलब्ध आहे. धडक देऊन वाहन पसार झाले व त्याचा मागमूस लागला नाही, तरीही मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. वाहनाचा क्रमांक माहीत असल्यास त्याचा विमा कोणत्या कंपनीकडे होता, ही माहिती पोलीस ठाण्यातून मागून घ्यावी आणि त्या कंपनीस दाव्यात पक्षकार करावे.